‘ओव्हरटाइम पगारातच धरला आहे’ आणि ‘मागची सेवा मोजली जाणार नाही’: करारातली ही दोन कलमं किती टिकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही तीन वर्षं मशीनवर आहात. सात महिन्यांचा करार होतो, मग महिना-दोन महिने ब्रेक, मग नवा करार आणि नवा टोकन नंबर. रोज दोन तास जादा थांबावं लागतं. करारात लिहिलं आहे की ‘मासिक वेतनात जादा कामाचा मोबदला समाविष्ट आहे’. प्रत्यक्षात तासाला ४८ रुपयांच्या हिशेबाने ‘इन्सेंटिव्ह’ मिळतो. पुढचं कलम म्हणतं की प्रत्येक करार स्वतंत्र असून आधीची सेवा कोणत्याही लाभासाठी धरली जाणार नाही. तुम्ही दोन्हींवर सही केली आहे. आता काही मागता येतं का?

येतं. पण कलम रद्दबातल असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. कामगार न्यायालयात मी अनेक वर्षं काम करतो. सही केली म्हणून हरलेला कामगार तिथे क्वचितच दिसतो. हरतो तो आपण किती दिवस आणि किती तास काम केलं हे दाखवता न आल्यामुळे. म्हणून कायदा सांगतोच, पण कागदांवर जास्त वेळ घालवणार आहे. शेवटपर्यंत वाचा.

आधी सहीबद्दल. घरभाड्याच्या करारात दोन माणसं जे ठरवतील ते ठरलं. नोकरीच्या करारात तसं नाही. कामाचे तास, जादा कामाचा दर, ग्रॅच्युइटी, किमान वेतन यांची खालची पातळी कायदा ठरवतो. करार तिच्या वर जाऊ शकतो, खाली नाही. वेतन संहिता, २०१९ चं कलम ६० स्पष्ट सांगतं की कामगाराने आपल्या कायदेशीर रकमेवर पाणी सोडल्याचा करार शून्य समजावा. त्याआधीच्या वेतन प्रदान कायद्यात आणि किमान वेतन कायद्यातही हेच होतं. ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम १४ कोणत्याही कराराच्या वर बसत असे. त्यामुळे ‘तू सही केली होतीस ना?’ असं एचआरने विचारलं तर घाबरायचं कारण नाही.

सुरुवात ओव्हरटाइमपासून करू. कारखाना कायदा, १९४८ प्रमाणे दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. त्यापलीकडच्या प्रत्येक तासाला कलम ५९ प्रमाणे नेहमीच्या दराच्या दुप्पट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता (जुन्या अनेक कामगार कायद्यांच्या जागी आलेले चार एकत्रित कायदे) लागू झाल्या. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत दिवस आठ तासांचा धरला आहे, जादा कामाला दुप्पट दर कायम आहे आणि जादा काम कामगाराच्या संमतीने घ्यायचं आहे. दुकानं, कार्यालयं आणि आयटी कंपन्यांना आपल्या राज्यात २०१७ चा दुकानं व आस्थापनांचा कायदा लागतो. तिथेही ४८ तासांचा आठवडा आणि दुप्पट दर आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास वाढवण्याचा निर्णय घेतला, कारखान्यांत १२ पर्यंत आणि दुकानांत १० पर्यंत. तिमाहीतल्या जादा तासांची मर्यादाही १४४ वर नेली. त्यावरून पुष्कळांचा समज झाला की आता बारा तास फुकट राबावं लागणार. तसं नाही. मर्यादा वाढली, दुप्पट दर गेला नाही.

हा दुप्पट दर सरकारलाही सहज बाजूला सारता येत नाही. कोविडच्या काळात गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधा दर अशी सवलत दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरात मजदूर सभेच्या खटल्यात ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना ओव्हरटाइमचे पैसे द्यायला लावले. महामारीत जे सरकारला जमलं नाही, ते एखाद्या कंपनीला नेमणूकपत्रातल्या एका ओळीने जमणार नाही.

खरी लबाडी असते ती ‘दुप्पट कशाच्या?’ या ठिकाणी. तुमच्या पे-स्लिपचा आकडा मला माहीत नाही, म्हणून सोपा हिशेब घेऊ. एकूण पगार २६,००० रुपये. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १०,०००, बाकीचे १६,००० घरभाडं आणि प्रवास भत्त्यात टाकलेले. कंपनी १०,००० ला २६ दिवसांनी आणि ८ तासांनी भागते, ४८ रुपये काढते आणि तोच दर ‘ओटी’ म्हणून देते. तुमचा ४८ चा आकडा पाहूनच मला ही पद्धत ओळखू आली. इथे दोन चुका आहेत. दर दुप्पट नाही आणि पायाही चुकीचा आहे. कारखाना कायद्याच्या कलम ५९ मध्ये नेहमीचा दर म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला लागू असलेले भत्ते, फक्त बोनस आणि ओव्हरटाइम वगळून. त्या हिशेबाने तास १२५ रुपयांचा आणि ओटीचा दर २५०.

नव्या संहितांत ‘वेतना’ची व्याख्या बदलली आहे. घरभाडं, प्रवास भत्ता, कमिशन, पीएफमधला मालकाचा वाटा असे घटक वगळले जातात, पण वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरची रक्कम पुन्हा वेतनात येते. आपल्या उदाहरणात १६,००० पैकी ३,००० परत येतात, वेतन १३,००० होतं, तास साडेबासष्ट रुपयांचा आणि ओटी १२५. म्हणजे या बाबतीत नवी व्याख्या कामगाराला जुन्यापेक्षा कमी देते. मला हे पटत नाही, पण हिशेब मांडताना ते लपवून चालणार नाही. तुमच्या मागणीचे दोन भाग करा: २० नोव्हेंबर २०२५ पर्यंतचे तास जुन्या दराने, त्यानंतरचे नव्या. जुन्या काळात मिळालेला हक्क नवा कायदा आल्याने पुसला जात नाही. दोन्ही काळांचा एकच सरासरी दर लावून केलेला अर्ज कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला खोडून काढतो.

रोज दोन तास म्हणजे महिन्याला ५२ तास, तिमाहीला १५६. ही संख्या १४४ च्याही वर जाते. कंपनी इथे म्हणू शकते की ‘मर्यादेपेक्षा जास्त ओटी कायद्यात बसतच नाही, म्हणून पैसे नाहीत’. मर्यादा मोडली कंपनीने. तो तिचा गुन्हा आहे, आणि केलेल्या कामाचे पैसे बुडवायला ते कारण होऊ शकत नाही.

‘इन्सेंटिव्ह’ हा शब्द साधा वाटतो, पण त्यामागे हेतू असतो. ओव्हरटाइम रजिस्टरमध्ये नोंद झाली तर तास दिसतात, दर दिसतो, निरीक्षकाला विचारता येतं. इन्सेंटिव्ह किंवा व्हाउचरवर रोख दिले की तास गायब होतात. ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) वर्गणीसाठी ओव्हरटाइम वेतनात धरला जात आला आहे, तीही वाचते. म्हणून पे-स्लिपवर इन्सेंटिव्ह दिसत असेल तर त्या रकमेला ४८ ने भागून पाहा. भागाकार दर महिन्याला पूर्णांकात येत असेल, तर तो तासांचाच मोबदला होता हे कंपनीच्याच कागदावरून दाखवता येतं.

ओव्हरटाइम कोणाला मिळतो, हाही प्रश्न येणार. मशीन ऑपरेटर म्हणून तुमच्या बाबतीत वाद नाही. पण हल्ली ‘ज्युनियर एक्झिक्युटिव्ह’, ‘टीम लीडर’ अशी पदं देऊन लोकांना कामगाराच्या व्याख्येबाहेर काढायची चाल आहे. न्यायालय पदनाम बघत नाही, दिवसभर मुख्यतः कोणतं काम केलं ते बघतं. करोना साहू कंपनीच्या १९९४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितलं. तिथे निकाल दुकानप्रमुखाच्या विरोधात गेला, कारण तो खरोखरच दुकानाचा कारभार पाहत होता. तत्त्व दोन्ही बाजूंनी चालतं. पर्यवेक्षक असाल तर पगाराची अटही येते: औद्योगिक विवाद कायद्यात ती १०,००० रुपये होती, औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे.

आता सलग सेवेकडे वळू. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा मोठा अर्धा भाग हाच आहे, कारण ओटीचे पैसे एकदाच मिळतात, सेवा मात्र नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी आणि कायम होण्याचा हक्क या सगळ्यांचा पाया आहे.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कुठेही जा, ‘सात महिन्यांवर आहे’ म्हटलं की अर्थ सगळ्यांना कळतो. सातच का? महिन्याला २६ दिवस धरले तर सात महिन्यांचे १८२ होतात. पगारी रविवार मिळवले तरी आकडा २१२ च्या आसपास राहतो. कायद्यातला आकडा आहे २४०. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ ब प्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्षाची सलग सेवा मानली जाते, आणि मग एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई दिल्याशिवाय कपात, म्हणजे कामावरून कमी, करता येत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही २४० चाच आकडा आहे.

बारा महिने कुठून मोजायचे, इथे पुष्कळ कामगार आणि काही वकीलही घसरतात. वर्ष जानेवारी ते डिसेंबर नाही, एप्रिल ते मार्च नाही आणि कराराच्या तारखेपासूनही नाही. कामावरून काढलं त्या दिवसापासून मागे बारा महिने. समजा १ जून ते ३१ डिसेंबर पहिला करार झाला, जानेवारी-फेब्रुवारी ब्रेक, १ मार्चला पुन्हा घेतलं आणि ३१ मे रोजी काढलं. दुसऱ्या करारात तीनच महिने भरले असं कंपनी म्हणेल. पण ३१ मेपासून मागे बारा महिने मोजले तर सात अधिक तीन असे दहा महिने येतात, म्हणजे २६० दिवस. करार दोन असले तरी मालक एकच आहे आणि मोजायचे आहेत ते दिवस. सबंध वर्षभर नोकरीत असणं गरजेचं नाही, बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० आणि १९८१ मध्येच सांगून ठेवलं आहे. पगारी रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही या दिवसांत धरायच्या, हे अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या १९८५ च्या निकालात ठरलं. पूर्ण पगारी रजा, कामावरच्या अपघातामुळे घरी बसलेले दिवस, प्रसूती रजा हेही मोजले जातात. तुमचे तीन वर्षांतले सगळे करार समोर ठेवा, प्रत्येक ब्रेकच्या आधीच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजा. एका तरी ठिकाणी २४० ओलांडलेले दिसण्याची बरीच शक्यता आहे.

कंपनीचा बचावही ऐकून ठेवा. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २ (ओओ)(बीबी) म्हणत असे की ठरावीक मुदतीचा करार मुदत संपल्यावर नवा केला नाही तर ती कपात नाही. हा बचाव खरा आहे आणि पुष्कळदा चालतो. पण एखाद्या ठरावीक कामासाठी खरोखर मुदतीवर घेतलेला माणूस वेगळा आणि त्याच मशीनवर, त्याच पाळीत, तीन वर्षं फिरवून फिरवून घेतलेला माणूस वेगळा. महाराष्ट्रात यासाठी इतर बहुतेक राज्यांत नसलेलं हत्यार आपल्याकडे आहे: १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाचा कायदा. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसांना बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला), नैमित्तिक किंवा तात्पुरतं म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं ही अनुचित प्रथा. तात्पुरत्या सरकारी नोकरांना नुसत्या सेवेवरून कायम होण्याचा हक्क नाही, असं सांगणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर कंपन्या ‘आता कोणालाच कायम करता येत नाही’ असं सांगू लागल्या. एसटी महामंडळाच्या २००९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचा या कायद्याखालचा अधिकार गेलेला नाही. तुमची तर कंपनी खासगी आहे.

याखेरीज मुंबईच्या आदर्श स्थायी आदेशांतलं (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांतलं) कलम ४ क होतं: आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला लेखी आदेशाने कायम करावं. राज्यात ते ५० कामगारांच्या आस्थापनांपासून लागत असे. नव्या संहितेत स्थायी आदेशांचा अध्याय ३०० कामगारांपासून सुरू होतो. लहान कारखान्यांतल्या हजारो माणसांच्या हातून एक आधार त्यामुळे सुटला, आणि याबद्दल पुरेसं बोललं गेलेलं नाही. म्हणूनच तुमचे २४० दिवस २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी भरले असतील तर ती तारीख अर्जात ठळकपणे लिहा.

ग्रॅच्युइटीबाबत एक जुना निकाल सांगतो, कारण त्यातूनच आजचं कलम जन्मलं. सोलापूरच्या लक्ष्मी विष्णू मिलमधल्या कामगारांच्या खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्या वर्षी प्रत्यक्ष २४० दिवस काम झालं नाही त्या वर्षाची ग्रॅच्युइटी नाही. बदली कामगारांना मिलने काम दिलं नाही, तरी तोटा त्यांचाच. संसदेने १९८४ मध्ये कायदा बदलला आणि तो निकालाच्या तारखेपासून, म्हणजे ११ फेब्रुवारी १९८१ पासून लागू केला. तेव्हा ग्रॅच्युइटी कायद्यात कलम २ अ आलं. आजारपण, अपघात, रजा, टाळेबंदी, कामगाराचा दोष नसलेली कामबंदी यांनी सेवा तुटत नाही. इतकंच नव्हे, विनापरवाना गैरहजेरीनेही ती आपोआप तुटत नाही, स्थायी आदेश किंवा नियमांप्रमाणे ‘सेवेत खंड’ असा आदेश काढावा लागतो. ‘सलग सात दिवस गैरहजर राहिल्यास सेवा खंडित समजली जाईल’ असं कलम तुमच्या करारात असेल आणि तसा आदेश कधी निघाला नसेल, तर ते कलम ग्रॅच्युइटीच्या आड येत नाही. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी आहे, पाच वर्षं थांबावं लागत नाही. ही चांगली तरतूद आहे. मात्र सात किंवा अकरा महिन्यांचे करार नेमके त्या वर्षाच्या अलीकडे थांबतात, म्हणून तिथेही मुद्दा येतो तो करारांच्या मधला ब्रेक खरा की बनावट यावरच.

एक सावधगिरी, जी न घेतल्यामुळे फार माणसं फसतात. कंपनी कधीकधी पगार दुसऱ्या नावाच्या भगिनी कंपनीकडे किंवा नव्या ठेकेदाराकडे वळवते आणि ‘फक्त औपचारिकता’ म्हणून राजीनामा आणि फुल अँड फायनलवर सही मागते. त्या सहीने मागची सगळी सेवा संपते. अशा वेळी एकच वाक्य लेखी मागा: ‘आपली दि. ____ पासूनची सेवा सलग धरली जाईल आणि ग्रॅच्युइटी, रजा व नुकसानभरपाईसाठी मोजली जाईल.’ हे वाक्य द्यायला नकार आला, तर राजीनामा कशासाठी मागितला जातो आहे ते उघड झालं असं समजा.

आता पुरावा. २४० दिवस काम केलं हे दाखवायची जबाबदारी कामगाराची, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. २००५ च्या यल्लट्टी निकालात त्याची स्पष्टता झाली: नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, पण कामगार कंपनीला मस्टर, वेतनपत्रक हजर करायला लावू शकतो, आणि कंपनीने ते दडवलं तर न्यायालय परिस्थिती पाहून त्याचा अर्थ काढू शकतं. म्हणून हजेरीपट, गेट रजिस्टर आणि बायोमेट्रिक नोंदी मागण्याचा अर्ज सुरुवातीलाच करा. वेतनाच्या दाव्यात नव्या संहितेने पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत दिली आहे. तरी तास किती झाले याचा काहीतरी आधार तुमच्याकडे हवाच.

तो आधार आजपासून गोळा करा. पीएफचं पासबुक डाउनलोड करून ठेवा. टोकन नंबर बदलला, ठेकेदाराचं नाव बदललं, तरी यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) तोच राहतो आणि कोणत्या महिन्यात कोणी पैसे भरले हे त्यात दिसतं. ब्रेकच्या महिन्यातही वर्गणी भरलेली असेल तर तो ब्रेक कागदावरचाच होता. ईएसआयची नोंद, बँकेचं स्टेटमेंट, प्रत्येक करार, गेटपास, कंपनीच्या बसचा पास. सुपरवायझर व्हॉट्सॲपवर ‘उद्या सेकंडवाल्यांनी दहापर्यंत थांबा’ असं टाकतो ना, ते संदेश तारखेसह जपा, मोबाइल बदलताना उडवू नका. एका वहीत रोजची आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहा. रोजच्या रोज लिहिलेल्या वहीला उलटतपासणीत वजन असतं, दाव्याच्या आदल्या रात्री लिहिलेल्या वहीला नाही.

सुरुवात कुठून करायची? आधी कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र: तासांचा तपशील, दोन काळांचे दोन दर, आणि सेवा सलग धरून कायम करण्याची मागणी. तासांच्या उल्लंघनाची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, पैशांसाठी कामगार उपायुक्तांचं कार्यालय. संघटना असेल तर तिला सोबत घ्या, एकट्याच्या अर्जापेक्षा वीस जणांचा अर्ज लवकर हलतो. अनुचित प्रथेची तक्रार औद्योगिक न्यायालयात ९० दिवसांत करायची असते. कामावरून काढल्याचा वाद समेट अधिकाऱ्याकडे नेण्याची मुदत नव्या संहितेत दोन वर्षं आहे.

आणि वेळेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काढून टाकल्यावर न्यायालयं हल्ली पुन्हा कामावर घेण्याच्या आदेशाऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे झुकतात, आणि ती रक्कम बहुतेकदा कामगाराच्या अपेक्षेपेक्षा कमी असते. नोकरीत असताना चौथ्या अनुसूचीच्या सहाव्या बाबीखाली तक्रार केली तर त्याच अर्जात अंतरिम आदेश मागता येतो: निकाल लागेपर्यंत आहे त्या कामावरून काढू नये. तुमच्या चालू कराराला किती दिवस उरलेत ते मला माहीत नाही. शेवटची तारीख बघा आणि तिच्या निदान महिनाभर आधी, सगळे करार आणि पीएफचं पासबुक घेऊन, कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडे किंवा संघटनेच्या कार्यालयात जा.